टर्टल्सचं पहिलं गेम बॉय कार्ट्रिज: ‘फॉल ऑफ द फूट क्लॅन’ आज घ्यावं का?

आधी निकाल. ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स: फॉल ऑफ द फूट क्लॅन’ हा अर्ध्या-पाऊण तासात संपणारा, सोपा आणि अतिशय नीटस गेम आहे. जुन्या गेम बॉयवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, पहिल्यांदाच काही खेळणार असाल तर याच्याइतकी चांगली सुरुवात क्वचितच मिळेल. पण लांबलचक, डोकं खाणारा, पुन्हा पुन्हा हरवणारा गेम हवा असेल तर पैसे दुसरीकडे घाला. नुसतं कार्ट्रिज रास्त भावात मिळालं तर घ्या. खोका-पुस्तिकेसह संग्राहकांच्या भावात घेऊ नका, कारण एवढ्याशा खेळाला तो भाव झेपत नाही.

जपानच्या कोनामी कंपनीने हा गेम १९९० साली काढला. अमेरिकेत त्याच्यावर अल्ट्रा गेम्सचं नाव आहे. अल्ट्रा ही कोनामीचीच उपकंपनी. निन्टेन्डोने अमेरिकेत एका प्रकाशकाला वर्षाला पाचच गेम काढायची मर्यादा घातली होती, ती ओलांडता यावी म्हणून हे दुसरं नाव उभं केलं होतं. ब्रिटनमध्ये आणि युरोपात ‘निंजा’ या शब्दाची अडचण होती, म्हणून तिथे नाव पडलं ‘टीनएज म्युटंट हीरो टर्टल्स’. विकत घेताना वेगवेगळ्या नावांनी गोंधळू नका, आतला गेम तोच आहे. शिवाय गेम बॉयला प्रदेशाचं कुलूप नाही. जपानी, अमेरिकन, युरोपियन, कुठलंही कार्ट्रिज कुठल्याही गेम बॉयवर चालतं.

टर्टल्स म्हणजे चार निंजा कासवं. त्यांचं मूळ कॉमिक केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी १९८४ मध्ये काढलं. ते काळंकरडं, बऱ्यापैकी हिंसक होतं. हा गेम मात्र १९८७ च्या कार्टूनवर बेतलेला आहे, म्हणजे पिझ्झा, थट्टामस्करी आणि कासवांची पत्रकार मैत्रीण एप्रिल ओनील. श्रेडर आणि क्रँग या खलनायकांनी एप्रिलला पळवलंय, तिला सोडवायचं. कथा एवढीच, आणि अशा खेळाला ती पुरते.

हातात घेतल्यावर

‘ए’ने उडी, ‘बी’ने वार. उभं राहून वार केला की त्या त्या कासवाचं हत्यार चालतं: लिओनार्डोची तलवार, राफाएलचे साय (त्रिशूळासारखे सुरे), मायकेलअँजेलोचा नानचाकू, डोनाटेलोची काठी. खाली बसून वार केला की हत्याराऐवजी शुरिकेन, म्हणजे फेकायचं चांदणीसारखं पातं, सुटतं. हवेत असताना वार केला की लाथ बसते. बस, सगळा खेळ या तीन गोष्टींवर उभा आहे आणि त्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बसून फेकायचं शुरिकेन. नवखे खेळाडू उभ्याने हत्यार चालवत पुढे जातात आणि समोरून येणाऱ्या शिपायाला अंगाला चिकटू देतात. त्याऐवजी शिपाई पडद्याच्या कडेला दिसला रे दिसला की खाली बसा आणि ‘बी’ दाबा. फूट क्लॅनचा, म्हणजे श्रेडरच्या टोळीचा, साधा शिपाई एका फटक्यात जातो, त्यामुळे लांबून मारणं नेहमीच फायद्याचं. मागून कुणी आलं तर तिथल्या तिथे वळून उभ्याने मारा. जमिनीलगत येणाऱ्या माउझर यंत्रांसाठीही बसूनच वार केलेला बरा.

चार कासवांत फरक फारसा नाही. डोनाटेलोची काठी लांब पोचते, राफाएलचे साय आखूड आहेत. चाल, उडी, ताकद यांत जाणवण्याजोगा भेद नाही. चौघं असण्याचा खरा उपयोग वेगळाच: ते तुमचे चार जीव आहेत. एकाची ताकद संपली की तो पकडला जातो आणि उरलेल्यांतून दुसरा निवडावा लागतो. चौघं गेले की खेळ खलास. म्हणून सोप्या लेव्हलींना राफाएल वापरा आणि डोनाटेलो शेवटच्या दोन लेव्हलींसाठी राखून ठेवा. पहिल्याच लेव्हलीत लाडका गडी पुढे काढून तो गमावला की क्रँगसमोर आखूड हत्यार हातात उरतं.

वाटेत पिझ्झा मिळतो. तुकड्याने थोडी ताकद भरते, अख्ख्या पिझ्झाने पूर्ण. पिझ्झा दिसला आणि ताकद भरलेलीच असेल तर घाई करू नका, आधी आसपासचे शत्रू संपवा. मग काही फटके बसलेच तर तो पिझ्झा वाया जात नाही.

कोनामीचा प्रसिद्ध कोड इथेही चालतो. ‘स्टार्ट’ दाबून खेळ थांबवा, मग वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए, आणि पुन्हा ‘स्टार्ट’. ताकदीची पट्टी पूर्ण भरते. हे संपूर्ण खेळात एकदाच करता येतं, त्यामुळे ते शेवटच्या लेव्हलीपर्यंत शिल्लक ठेवा. फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घाई. जुन्या गेम बॉयचं दिशाबटण झिजलेलं असेल तर डावी-उजवी दाबताना मध्येच खाली किंवा वर लागतं आणि कोड बिघडतो. अंगठा उचलून एकेक दिशा स्वतंत्रपणे दाबा.

छोट्या पडद्याची समज

हा भाग नीट सांगायला हवा, कारण या गेमचं मोठेपण इथेच आहे.

मूळ गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा. रंगछटा चार, त्याही हिरवट-पिवळट पार्श्वभूमीवर. आतून प्रकाश नाही. त्यातून तो एलसीडी संथ आहे. चित्र पटकन सरकलं की मागे त्याची सावली रेंगाळते. टीव्हीवरचा खेळ जसाच्या तसा या पडद्यावर आणायचा प्रयत्न केलेले अनेक गेम इथेच फसले. माणसं मुंगीएवढी, पार्श्वभूमी गिचमिड, आणि पडदा धावायला लागला की काहीच दिसत नाही.

कोनामीच्या लोकांनी उलट दिशेने विचार केला. कासवं मोठी काढली. इतकी मोठी की पाठीवरचं कवच, डोळ्यांवरची पट्टी, हातातलं हत्यार, सगळं ओळखू येतं. चार छटांत लाल, निळी, जांभळी, केशरी पट्टी दाखवणं शक्यच नव्हतं, म्हणून ओळख हत्यारावर सोपवली. पार्श्वभूमीत फिक्या छटा वापरून पुढच्या आकृत्या गडद ठेवल्या. पडदाही चालण्याच्याच वेगाने सरकतो. कासव धावत नाही, झेपावत नाही, दमादमाने चालतं. खेळ संथ वाटतो तो यामुळे. पण याच संथपणामुळे प्रत्येक शत्रू येताना दिसतो आणि फटका बसला तर चूक आपली होती हे कळतं.

शत्रू एका वेळी एक-दोनच का येतात, यालाही यंत्राचं कारण आहे. गेम बॉय एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त १० स्प्राइट, म्हणजे हलत्या आकृत्यांचे तुकडे, दाखवू शकतो आणि प्रत्येक स्प्राइटची रुंदी फक्त ८ पिक्सेल. एक मोठी आकृती रुंदीला तीन स्प्राइट घेते असं धरा. एक कासव आणि दोन शिपाई एका ओळीत उभे राहिले की नऊ झाले. त्यात एखादं शुरिकेन सुटलं की दहा. अकरावा तुकडा आला की तो त्या ओळीत दिसणारच नाही, म्हणजे हातपाय तुटल्यासारखे किंवा लुकलुकताना दिसणार. शिपायांचे लोंढे सोडून ही मर्यादा तोडण्यापेक्षा कोनामीने शत्रू मोजके ठेवले आणि ते दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून सोडले. खेळताना गर्दी जाणवते, पण डोळ्यांना ताण पडत नाही. १९९० मध्ये, म्हणजे गेम बॉय येऊन जेमतेम वर्षभर झालेलं असताना, यंत्राची इतकी अचूक समज असलेले गेम फार नव्हते.

आवाजाचंही तसंच. गेम बॉयकडे ध्वनीचे चारच मार्ग: दोन चौकोनी लहरींचे, एक ठरवता येणाऱ्या लहरीचा, एक खरखरीचा. संगीत मिचिरू यामाने यांचं आहे. पुढे १९९७ मध्ये ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’च्या संगीतामुळे त्यांचं नाव जगभर झालं, पण या छोट्या कार्ट्रिजमध्येही त्यांची चालींवरची पकड ऐकू येते. कार्टूनचं शीर्षकगीत यात आहे आणि इतर धून त्याला शोभतील अशा आहेत. गेम बॉयचा अंगचा स्पीकर मोनो आहे, हेडफोन लावले तर आवाज स्टिरिओ येतो. हा गेम एकदा तरी हेडफोन लावून खेळाच.

लेव्हली आणि बॉस

लेव्हली पाच. सुरुवातीलाच कुठलीही निवडता येते, थेट पाचवीसुद्धा. सरावाला ही सोय उत्तम आहे. पण खेळाची खरी रंगत पहिलीपासून सुरू करून चौघांना जपत शेवटापर्यंत नेण्यात आहे, त्यामुळे निवडीचा पडदा सरावापुरताच वापरा.

पहिलीच्या शेवटी रॉकस्टेडी, दुसरीच्या बीबॉप, तिसरीच्या माशी झालेला बॅक्स्टर स्टॉकमन, चौथीच्या श्रेडर आणि पाचवीत टेक्नोड्रोम या खलनायकांच्या फिरत्या किल्ल्याच्या आत क्रँग. तिसरीतला धावत्या ट्रकच्या टपांवरचा भाग सगळ्यांत छान जमलाय. तिथे उड्या मारण्याला खरा अर्थ येतो, एरवी हा गेम मारामारीचा जास्त आणि उड्यांचा कमी आहे.

बॉस, म्हणजे लेव्हलीच्या शेवटचा मोठा शत्रू, कुणीही असो, पद्धत एकच ठेवा. आधी काही न करता त्याचा एक वार पूर्ण बघा. प्रत्येकाकडे मोजकेच डाव आहेत आणि ते त्याच क्रमाच्या आसपास फिरतात. रॉकस्टेडी गोळ्या झाडतो आणि अंगावर धावून येतो. धावला की वरून उडी मारायची, मागे उतरायचं, वळून मारायचं. बॅक्स्टर उडतो, त्यामुळे बसून फेकलेली शुरिकेन त्याच्या खालून जातात. तिथे उडी आणि लाथ कामाची. श्रेडर एका जागी गायब होऊन दुसरीकडे उगवतो. तो नाहीसा झाला की कोपरा सोडा, कारण कोपऱ्यात अडकलात तर पळायला एकच बाजू उरते. क्रँगशी लढताना लांब हत्याराचा फायदा कळतो, डोनाटेलो राखून ठेवायचा तो याचसाठी.

खोट काढायचीच तर बॉस फार लवकर पडतात. दोन-तीन वेळा खेळल्यावर त्यांच्यात नवीन काही राहत नाही. मोठ्या माणसाला, विशेषतः जुने गेम खेळून हात बसलेल्याला, हा खेळ दुसऱ्या दिवशीच सरावाचा वाटेल. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी मात्र अवघडपणा अगदी योग्य आहे: हरतो, पण कुठे चुकलं ते कळतं.

बोनस खेळ, आणि ते हमखास कसे जिंकायचे

लेव्हलींमध्ये काही ठिकाणी बोनस खेळांची दारं दडलेली आहेत. जिंकलात तर ताकद भरून मिळते. नेमबाजीचा खेळ हाताच्या सरावाचा आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाकीचे दोन डोक्याने जिंकता येतात.

पहिला तीन अंकी संख्या ओळखण्याचा. ००० ते ९९९ यांतली एक संख्या, तुम्ही अंदाज सांगायचा आणि ‘मोठी’ की ‘लहान’ एवढंच उत्तर मिळतं. बहुतेक जण वाढदिवस, आवडता आकडा असं काहीतरी टाकत बसतात. तसं करू नका, दर वेळी उरलेल्या टप्प्याच्या मधोमध मारा. आधी ५००. मोठी आहे म्हणाला तर ७५०. लहान आहे म्हणाला तर ६२५. पुन्हा मोठी तर ६८७. असं करत गेलं की प्रत्येक अंदाजाला शक्यता निम्म्या होतात: हजाराच्या पाचशे, पाचशेच्या अडीचशे, मग सव्वाशे. दोनाचा दहावा घात १०२४, म्हणजे हजार संख्यांसाठी अगदी वाईट नशीब असलं तरी दहाव्या अंदाजाला उत्तर सापडतंच. जवळ कागद ठेवा. वरची आणि खालची मर्यादा लिहीत गेलात तर गोंधळ होत नाही. हरतात ते गणितामुळे कमी आणि मर्यादा विसरल्यामुळे जास्त.

दुसरा ढिगातून वस्तू उचलण्याचा. दोघांनी आळीपाळीने उचलायचं, एका वेळी ठरावीक संख्येपर्यंतच. नियम पडद्यावर येतो तो आधी शांतपणे वाचा आणि दोन गोष्टी लक्षात घ्या: एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येतात आणि शेवटची वस्तू उचलणारा हरतो की जिंकतो. समजा कमाल तीन उचलता येतात आणि शेवटची उचलणारा हरतो. मग आपली पाळी संपताना ढिगात १, ५, ९, १३ किंवा १७ शिल्लक राहतील असं उचलायचं. समोरच्याने एक उचलली तर आपण तीन, दोन उचलल्या तर दोन, तीन उचलल्या तर एक, दर फेरीत बेरीज चारच. शेवटची उचलणारा जिंकत असेल तर ४, ८, १२ शिल्लक ठेवा. कमाल मर्यादा वेगळी असेल तर तिच्यात एक मिळवा, ती तुमची फेरीची बेरीज. सुरुवातीची संख्याच तुमच्या विरोधात असेल तर एकेक उचलत खेळ लांबवा आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघा.

हे बोनस खेळ नुसते भरतीचे वाटू शकतात. मला ते या गेममधली सर्वांत आपुलकीची गोष्ट वाटते. मारामारीच्या मधोमध लहान मुलाला कागद-पेन्सिल हातात घ्यायला लावणारे गेम त्या काळात मोजकेच होते.

कुठल्या यंत्रावर खेळावा

१९८९ चा मूळ, विटेसारखा गेम बॉय असेल तर तोच. चित्रं त्याच पडद्यासाठी काढलेली आहेत. चार पेन्सिल सेल लागतात. चार्ज करता येणारे १.२ व्होल्टचे सेलही चालतात: एकूण ४.८ व्होल्ट होतात आणि यंत्राला ते पुरतात. लाल दिवा मंद झाला की सेल बदला, कारण जतन करायची सोय या गेममध्ये नाही आणि मध्येच बंद पडलं तर सगळं पहिल्यापासून. आधी डावीकडचं कॉन्ट्रास्टचं चाक फिरवून घ्या. फार गडद ठेवलं तर पार्श्वभूमी वर येते आणि सरकताना सावली जास्त रेंगाळते. काळ्या कडा नुकत्या ठळक होतील तिथे थांबा.

जुना गेम बॉय घेताना पडद्यावर उभ्या रेषा गायब आहेत का ते बघा. पडद्याला जोडलेल्या लवचीक पट्टीचा खालचा चिकट सांधा सुटला की असं होतं. सोल्डरिंग आयर्नने त्या पट्टीवरून हलकेच उष्णता दिली की बहुधा रेषा परत येतात, पण जास्त वेळ टेकवलं तर पट्टी कायमची जळते. आडव्या रेषा गेल्या असतील तर तो तुकडा घेऊच नका, ती दुरुस्ती फार किचकट आहे. सेलच्या खणात पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल गळलेले आहेत. व्हिनेगरने पूड काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

गेम बॉय कलरवर हा गेम चालतो, पण एक घोळ आहे. त्या यंत्रात जुन्या काळ्यापांढऱ्या गेमांना रंग देण्याची आपोआप सोय निन्टेन्डोच्या स्वतःच्या काही गेमांपुरतीच आहे. कोनामीचा गेम घातला की ठरलेली रंगजोडी लागते: पार्श्वभूमी हिरवट आणि कासवं लाल. टर्टल्सच्या खेळात हे फारच विसंगत दिसतं. सुरू करताना गेम बॉयचं नाव पडद्यावर येतं, तेव्हाच डावी दिशा आणि ‘बी’ एकत्र दाबा, करडी छटा लागते. हीच युक्ती गेम बॉय ॲडव्हान्सवरही चालते. ॲडव्हान्सवर ‘एल’ किंवा ‘आर’ दाबलं तर चित्र आडवं ताणलं जातं, ते मूळ आकारातच ठेवा, नाहीतर कासवं बसकी दिसतात. ॲडव्हान्स एसपीला हेडफोनचं साधं भोक नाही, वेगळा अडॅप्टर लागतो. गेम बॉय मायक्रो आणि डीएस यांत ही जुनी कार्ट्रिजं बसतच नाहीत, फसून घेऊ नका.

खिसा खोल असेल तर ॲनालॉग पॉकेट हे यंत्र मूळ कार्ट्रिज घेतं आणि त्याचा पडदा १६०० बाय १४४० आहे, म्हणजे मूळच्या बरोबर दहापट. एकेक पिक्सेल धारदार दिसतो आणि सावली रेंगाळत नाही.

कार्ट्रिज घेताना आणि सांभाळताना

आपल्याकडे मिळणारी ही कार्ट्रिजं बहुतेक परदेशातून सेकंडहँड आलेली असतात, त्यामुळे विक्रेत्याकडून समोरचा, मागचा आणि खालच्या पिनांचा असे तीन फोटो मागवा. समोर वरच्या बाजूला प्लॅस्टिकमध्येच कोरलेली अक्षरं स्पष्ट हवीत. लेबलावर ‘डीएमजी’ने सुरू होणारा कोड असतो आणि तिरपं धरलं तर लेबलात दाबून उमटवलेला छोटा आकडा बहुधा दिसतो. मागचा स्क्रू साधा चौफुली असेल तर सावध व्हा: मूळ कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा खास गेमबिट स्क्रू असतो. उघडून बघायची मुभा असेल तर आत निन्टेन्डोचं नाव छापलेली पाटी हवी. काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिप लपवलेली असेल तर ती बहुधा नक्कल.

या गेममध्ये जतन करायची सोय नाही म्हणून आत बॅटरीही नाही. पोकेमॉनच्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी संपून सगळं पुसलं जाण्याची जी भीती असते ती इथे नाही. बिघडण्यासारखं उरतं ते फक्त पिनांचं.

पिना मळल्या की सुरुवातीला निन्टेन्डोच्या नावाऐवजी काळा पट्टा किंवा वेड्यावाकड्या ठिपक्यांची ओळ उतरते आणि यंत्र तिथेच अडकतं. कारण असं: सुरू होताना गेम बॉय कार्ट्रिजमधलं ४८ बाइटचं चिन्ह वाचतो आणि स्वतःजवळच्या नमुन्याशी ताडून बघतो. एक जरी बाइट चुकीचा वाचला गेला तरी तो पुढे जात नाही. म्हणजे काळा पट्टा दिसला तर कार्ट्रिज मेलं असं समजू नका, शंभरातले बहुतांश रुसवे सफाईने जातात. ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कापसाच्या काडीला थोडंसंच लावा, ३२ पिनांवर वरून खाली पुसा, काडी काळी येईनाशी होईपर्यंत नव्या काड्या घ्या. दहा मिनिटं वाळू द्या आणि मगच घाला. फुंकर मारू नका: थुंकीतला ओलावा पिनांवर बसतो आणि कालांतराने गंज धरतो. सॅंडपेपर, पितळ उजळायची पेस्ट, तेलकट स्प्रे यांतलं काहीही लावू नका, पिनांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. साधं खोडरबर अगदी शेवटचा उपाय म्हणून, हलक्या हाताने.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की उघड्यावर ठेवलेल्या कार्ट्रिजच्या पिना एका मोसमात काळवंडू शकतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पावसाळ्याच्या आधी पुड्या बदला. कार्ट्रिज काढताना आधी यंत्र बंद करा. मूळ गेम बॉयमध्ये चालू करायची कळ कार्ट्रिजच्या कोपऱ्यातल्या खाचेत सरकून ते अडकवते, जोराने ओढलं तर कळ तुटते.

याच्या पुढचे दोन

गेम बॉयवर कोनामीने आणखी दोन टर्टल्स काढले. १९९१ चा ‘बॅक फ्रॉम द सूअर्स’ दिसायला जास्त देखणा आणि खेळायला जास्त अवघड आहे, पण चित्रांच्या हौसेपायी पहिल्याची स्वच्छ मोकळीक त्यात थोडी हरवली. १९९३ चा ‘रॅडिकल रेस्क्यू’ हा वेगळ्याच जातीचा: एक मोठा नकाशा, सुरुवातीला फक्त मायकेलअँजेलो, बाकी तिघांना शोधून सोडवायचं. प्रत्येकाकडे वेगळी विद्या: मायकेलअँजेलो नानचाकू फिरवून तरंगत उतरतो, लिओनार्डो खाली भोक पाडतो, राफाएल कवचात शिरून चिंचोळ्या वाटेने जातो, डोनाटेलो भिंती चढतो. तिथे पासवर्ड आहे, म्हणजे तुकड्यातुकड्याने खेळता येतं. पहिल्यात चौघं सारखेच असल्याची जी उणीव वाटते, ती तिसऱ्यात पुरती भरून निघते. खोली हवी असेल तर सरळ तिसरा घ्या.

कार्ट्रिजची हौस नसेल आणि गेमच खेळायचा असेल तर २०२२ मध्ये आलेलं ‘द काउअबंगा कलेक्शन’ हा सर्वांत स्वस्त सौदा पडतो. डिजिटल एक्लिप्सने बनवलं, कोनामीने प्रकाशित केलं. त्यात १३ जुने गेम आहेत आणि गेम बॉयचे तिन्ही टर्टल्स त्यांत येतात. संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच सगळीकडे मिळतं. हवं तिथे जतन करता येतं, चूक झाली तर खेळ मागे फिरवता येतो. स्विच हातात धरून खेळलात तर मूळ अनुभवाच्या सगळ्यांत जवळ जाता. मागे फिरवायची सोय मात्र या पहिल्या गेमपुरती वापरू नका. तो मुळातच इतका सोपा आहे की चौघांना जपण्याचं दडपण काढून टाकलं तर हातात फारसं काही उरत नाही.